मांडेवाल्या ताईंचं ‘सायनस’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते. दुपारचे दोन, बाहेर अंगाची लाही होईल असं ऊन. ताई दवाखान्यात आल्या त्या डोक्याला ओलं फडकं घट्ट आवळून, डोळ्यांवर काळा गॉगल आणि त्यावरून पुन्हा पदर. बाकावर बसायच्या आधीच कंपाउंडरला म्हणाल्या, “भाऊ, ती ट्यूब बंद कर ना.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ट्यूब बंद झाली तरी त्या खिडकीकडे पाठ करून, औषधाच्या कपाटाला कपाळ टेकवून बसल्या.

मी त्यांना अडीच वर्षांपासून ओळखत होतो. फाइल चांगली जाड झाली होती. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात ‘सायनस’ लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर ते कोणी खोडलं नव्हतं. मीही नाही. ही हकिकत त्या एका शब्दाची आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत, दुखणं आणि उपचार जसेच्या तसे.

ताईंचं वय ३८. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात त्या पुरणाच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेतात. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मांडा म्हणजे जाडसर पुरणपोळी नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, अगदी कोपरापर्यंत खेळवत रुमालासारखा पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. खापराखाली कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ. लग्नसराईत आणि आखाजीला पहाटे चारला चूल पेटते ती दुपारी एकलाच विझते. या नऊ तासांत ताई काय खायच्या, असं मी अडीच वर्षांत कधी विचारलं नव्हतं. उत्तर होतं, दोन कप चहा.

त्यांची तक्रार पहिल्यापासून एकाच वाक्यात होती: “डोकं धरलं की नाक बंद होतं, डोळ्यामागे नि गालात ठणकतं, सायनसनं मरते मी.” निदान त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. मी फक्त सही केली.

सही करायला कारणंही होती, नाही असं नाही. दुखण्याची जागा बरोबर सायनसवर, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांवर: डाव्या डोळ्याच्या वर, मागे आणि गालाच्या हाडात. नाक चोंदलेलं, त्यातून पाणी गळतंय, डावा डोळा ओला. बाई धुरात काम करणारी. त्यात एक्स-रे काढला तर डाव्या गालातलं सायनस किंचित धूसर, नाकाचा मधला पडदा एका बाजूला झुकलेला. गावाकडे यालाच ‘नाकाचं हाड वाढलं’ म्हणतात आणि एकदा हे वाक्य ऐकलं की पेशंट ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब मांडायला लागतो. खरं तर पडदा थोडाफार वाकडा असणं हे अगदी सर्रास आढळतं. सायनसच्या अस्तराची जराशी सूजही काही त्रास नसलेल्या माणसाच्या फिल्मवर दिसू शकते. फिल्मवर काही दिसलं म्हणजे दुखणं त्याचंच, हे सिद्ध होत नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण समोर धूसर फिल्म असली की पुस्तक आठवत नाही.

सगळ्यात जास्त फसवलं ते मात्र गुण येण्याने. अडीच वर्षांत मी त्यांना चार वेळा अँटिबायोटिक दिलं, त्यातलं तीनदा अझिथ्रोमायसिन, रोज एक गोळी, तीन दिवस. दर वेळी तिसऱ्या दिवशी फोन यायचा, “डॉक्टरसाहेब, उतरलं.” त्या खूष, मी खूष. पण ते दुखणं होतं मायग्रेनचं, म्हणजे अर्धशिशीचं. आता मायग्रेनच्या झटक्याची व्याख्या बघा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार औषध न घेता किंवा औषध लागू न पडता तो ४ ते ७२ तास टिकतो. ७२ तास म्हणजे तीन दिवस. जे दुखणं तिसऱ्या दिवशी आपलं आपण जाणारच होतं, त्याच्या मागे आम्ही तीन गोळ्या पाठवत होतो आणि ते गेल्यावर ‘आम्हीच घालवलं’ म्हणत होतो.

त्या दुपारी मला दिसलं ते कपाट. म्हणजे कपाटाला टेकलेलं कपाळ. सायनसचा पेशंट अंधार शोधत नाही. तो वाफ शोधतो, रुमाल शोधतो, पुढे वाकला की “आई गं” म्हणतो, पण ट्यूब बंद करायला सांगत नाही. मी फाइल मिटली आणि पहिल्यापासून विचारायला बसलो.

उजेडाचं विचारलं तर उत्तर अहिराणीत आलं, कारण दुखत असताना माणूस आपल्या बोलीत जातो. “उजेडमा डोया उघडतस नही. नाक बी बंद व्हई जास.” आवाज? शेजारचं मिक्सर सुरू झालं तरी शिव्या द्याव्याशा वाटतात, लग्नाच्या डीजेचं तर विचारूच नका. मळमळ? होते, कधी उलटी झाली की बरं वाटतं. दुखणं कसं? “हातोडी मारल्यासारखं, नाडीबरोबर.” चाललं, जिना चढला, वाकलं की वाढतं. एका वेळी बहुतेक डाव्याच बाजूला, कधीमधी उजवीकडे. आदल्या दिवशी मान आखडते आणि जांभया येत राहतात. पाळीच्या एक-दोन दिवस आधी हमखास. ठणका असताना केस विंचरता येत नाहीत, कातडीच दुखते. हे शेवटचं ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं, कारण दर वेळी मी गालावर बोट दाबून “दुखतं ना? सायनस” म्हणत आलो होतो. मायग्रेनच्या झटक्यात बऱ्याच जणांच्या चेहऱ्याची कातडी हुळहुळी होते, कुठेही दाबलं तरी दुखतं.

ताप? कधीच नाही. नाकातून घट्ट, पिवळं-हिरवं, वासाचं काही? नाही, स्वच्छ पाणी. वास येणं बंद झालं का? “पुरणात वेलची कमी पडली तर इथून सांगते.”

शेवटी आईबद्दल विचारलं. आई महिन्यातून दोन दिवस डोक्याला फडकं बांधून माजघरात पडून राहायची, पोरांनी भांडं आपटलं की रडायची. घरात त्याला ‘अर्धशिशी’ म्हणत. आईची अर्धशिशी, लेकीचं सायनस. दुखणं तेच, नाव एका पिढीत बदललं. मधल्या काळात एक्स-रे आणि सर्दीच्या गोळीच्या जाहिराती आल्या, एवढंच.

झटपट छाननीसाठी तीन प्रश्न पुरतात: डोकं दुखताना मळमळतं का, उजेड खुपतो का, गेल्या तीन महिन्यांत या दुखण्यापायी एखादा दिवस तरी काम अडलं का? तिन्हींतल्या दोनांना ‘हो’ आलं की मायग्रेनची शक्यता दाट. ताईंचे तिन्ही ‘हो’. यात नाकाबद्दल एकही प्रश्न नाही, हे लक्षात घ्या.

मग नाक का बंद व्हायचं? धूर होताच, पण दर झटक्याला नेमकं त्याच वेळी, आणि जास्त करून डावीकडेच का? चेहऱ्याची, कपाळाची, सायनसची आणि मेंदूवरच्या आवरणाची संवेदना वाहून नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल. मायग्रेनमध्ये ती खवळते. तिचं मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र शेजारच्या दुसऱ्या केंद्राला जागं करतं, जे डोळ्यांतलं पाणी, नाकातला स्राव आणि नाकाच्या रक्तवाहिन्या सांभाळतं. आतून हुकूम सुटतो, नाकाचं अस्तर फुगतं, पाणी सुटतं, डोळा ओलावतो. नाकात जंतू नसतात, ॲलर्जीही असावीच लागत नाही. मायग्रेनच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये नाकाडोळ्यांची अशी काही ना काही लक्षणं दिसतात. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्वतः किंवा डॉक्टरने ‘सायनसची डोकेदुखी’ ठरवलेले २,९९१ लोक तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारात बसलं. म्हणजे ही चूक एकट्या माझी नाही. पण त्याने ताईंची अडीच वर्षं परत येत नाहीत.

उजेडाचंही असंच. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असलेल्या थोड्या पेशी असतात. त्यांचं मुख्य काम चित्र पाहणं हे नाही, उजेड किती आहे याची वर्दी देणं. मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये ज्या पेशींपाशी ही वर्दी पोहोचते, तिथेच मेंदूच्या आवरणाकडून दुखण्याची खबरही येते. दोन्ही एकाच ठिकाणी भिडतात. म्हणून आकृती दिसत नाही पण उजेड कळतो अशा अंध मायग्रेनग्रस्तांनाही उजेडाने ठणका वाढतो. हे २०१० साली संशोधकांनी दाखवून दिलं. ताईंच्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. ते आजवर म्हणत आले होते, “कामाच्या वेळीच हिला बरा उजेड खुपतो.”

एवढं झाल्यावर निदान लिहिता आलं असतं, पण एक गोष्ट जुळत नव्हती. मायग्रेन येतो आणि जातो. ताईंचं डोकं गेले काही महिने बहुतेक रोजच जड असायचं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, “लागली तर घेते एखादी.” पेशंटच्या ‘एखादी’वर विश्वास ठेवू नये हे मी शिकलो आहे. नवऱ्याला मेडिकलवाल्याच्या उधारीच्या वहीतले आकडे आणायला सांगितलं. महिन्याला पाच पाकिटं, म्हणजे पन्नास गोळ्या! सर्दी-डोकेदुखीची मिश्र गोळी: पॅरासिटामॉल, कॅफिन, नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि झोप आणणारं ॲलर्जीचं औषध, सगळं एकात. वर नाकात टाकायचे झायलोमेटॅझोलिनचे थेंब, आठ महिने रोज.

दोन्हींनी आपापली करणी केली होती. अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. साध्या पॅरासिटामॉलला हीच मर्यादा पंधरा दिवसांची. आणि ते थेंब चार-पाच दिवसांपुरतेच असतात. त्यापुढे अस्तर त्यांच्या आहारी जातं, थेंब उतरला की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, मग परत थेंब. म्हणजे ताईंचं नाक खरोखरच आजारी होतं, फक्त तो आजार औषधाच्या दुकानातून आला होता.

पूर्ण निदान असं लिहिलं: ऑराविना (म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमका वगैरे न येणारा) मायग्रेन, त्यासोबत नाकाडोळ्यांची लक्षणं, औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी, थेंबांमुळे नाकाची सूज. ‘सायनस’वर काट मारली आणि बाजूला तारीख घातली.

घरच्यांना एमआरआय हवा होता. “एकदाचा काढून टाकू, मनाला शांती.” मी नको म्हटलं, पण नको म्हणायच्या आधी तपासलं. अचानक, मिनिटाभरात कळस गाठणारं, आयुष्यातलं सगळ्यात भयानक डोकं दुखणं कधी झालं नव्हतं. ताप, मान ताठ, फिट, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, काही नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं दुखणं नव्हतं, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण नव्हतं, डोक्याला मार नव्हता, वजन घटलेलं नव्हतं. यांतलं एकही असतं तर त्याच दिवशी जळगावला पाठवलं असतं. रक्तदाब १२४/८०. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र पाठवलं, दोन कारणांनी. डोळ्याचा दाब एकदम वाढण्याच्या काचबिंदूतही डोकं दुखतं, उलट्या होतात, उजेड खुपतो आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. आणि जी प्रतिबंधक गोळी माझ्या मनात होती ती अशा डोळ्याला चालत नाही. दाब, पडदा, नस, सगळं ठीक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं: अस्तर सुजलेलं, पू कुठेच नाही, ऑपरेशनची गरज नाही. एमआरआयचे पैसे वाचले, त्यातून पुढे काय झालं ते सांगतोच.

उपचार सुरू केले ते आखाजीनंतर. आधी करणं शक्यच नव्हतं. लेकीबाळी माहेरी यायच्या, ऐंशी घरांचे मांडे बाकी, आणि मिश्र गोळी सोडली की पहिले आठ-दहा दिवस डोकं जास्तच दुखणार, हे मला ठाऊक होतं. त्या आठवड्यापुरतं ठरवलं: रोज सहाला आणि दहाला थोडं तरी खायचं, भाकरीचा तुकडा का होईना, आणि चुलीजवळ पाण्याचा तांब्या.

त्यानंतर मिश्र गोळी पूर्ण बंद. थेंब एका नाकपुडीत आधी बंद, आठ दिवसांनी दुसरीत, सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि सूज उतरवणारा मोमेटासोनचा स्प्रे. स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरायचं, हे दोनदा करून दाखवलं. नाहीतर नाकातून रक्त येतं आणि पेशंट ‘गरम पडलं’ म्हणून सोडून देतो. रात्री झोपताना ती प्रतिबंधक गोळी, ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, पुढे २५. झटका आलाच तर सुरुवातीलाच, काहीतरी पोटात टाकून नॅप्रोक्सेन ५०० ही वेदनाशामक गोळी आणि मळमळीची गोळी, आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. हे डोस ताईंपुरते. त्यांना दमा, हृदयविकार, किडनीचा त्रास काही नव्हता आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून निवड सोपी गेली. नॅप्रोक्सेनबद्दल इथे मी जास्तच बजावतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळलेल्या आणि पाणी न प्यालेल्या माणसाने अशी गोळी रिकाम्यापोटी घेतली तर पोट आणि किडनी दोन्हींवर बेतू शकतं.

काळ्या गॉगलवरून थोडा वाद झाला. नवऱ्याने बाजारातून आणून दिला होता आणि ताई तो घरातही घालायच्या. उन्हात जरूर घाला, म्हटलं, पण घरात सतत काळोखात राहिलं की डोळे काळोखाला सरावतात आणि साधा उजेडही जास्त खुपतो. झटका असेल तेव्हा अंधारी खोली, नसेल तेव्हा नेहमीचा उजेड. त्यांना पटायला महिना लागला.

पहिले बारा दिवस वाईट गेले. दोनदा नवरा येऊन बोलून गेला की आधीचंच बरं होतं. चौथ्या दिवशी ताई सासूपासून लपून एक जुनी गोळी घेऊन बसल्या, मग स्वतःच फोन करून सांगितलं. मी रागावलो नाही, कॅलेंडरवर लिहा म्हटलं. भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान हीच आमची नोंदवही: डोकं दुखलं की लाल टिकली, गोळी घेतली की गोल, पाळीला फुली.

एमआरआयच्या वाचलेल्या पैशांत चूल हलली. माजघरालगतच्या बंदिस्त पडवीतून मागच्या अंगणात, वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या, खापराच्या मागे धुराडं. बसायची जागा बदलली, तोंड उत्तरेला. आधी पहाटे सूर्य उगवला की थेट डोळ्यांत यायचा. हे मला नाही, त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला सुचलं.

आकडे सांगतो. जूनमध्ये लाल टिकल्या १६, त्यातल्या बहुतेक पहिल्या पंधरवड्यातल्या. ऑगस्टमध्ये ७. ऑक्टोबरमध्ये ४. नाक पाचव्या आठवड्यात मोकळं झालं. जुलैत मात्र एक झटका असा आला की पाळी, श्रावणाआधीची घरची साफसफाई आणि जागरण एकत्र आलं. तीन दिवस उलट्या, शेवटी सलाईन आणि इंजेक्शन. त्यानंतर हाताशी सुमाट्रिप्टान ५० ही मायग्रेनचा झटका मोडणारी गोळी दिली, महिन्यात जास्तीत जास्त आठ दिवस. ती लागू पडते, पण छातीत आवळल्यासारखं वाटतं म्हणून ताईंना आवडत नाही. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं आणि वजन तीन किलोंनी वाढलं, ही त्यांची कायमची तक्रार. कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या दिवशी उपास धरू का, विचारायला आल्या होत्या. धरा म्हटलं, पण दर तीन तासांनी फळ आणि दूध. भगर चालेल का? चालेल.

दिवाळीनंतर ताईंनी आपल्या दिराला आणलं. “याला बी माझ्यासारखंच, नाक बंद नि गाल दुखतो.” बारा दिवसांची सर्दी, मधे उतरून पुन्हा उलटलेली, अंगात ताप, एका नाकपुडीतून पिवळं घट्ट, त्याला घाण वास, वरच्या दाढा दुखताहेत, जेवणाची चव गेलेली. उजेडाचं विचारलं तर तो गोंधळला, “उजेडाचं काय?” हे खरं सायनस. अँटिबायोटिक इथे द्यायचं असतं, दिलं. साध्या सर्दीचं सायनस विषाणूचं असतं आणि आठ-दहा दिवसांत जातं. दहा दिवस उलटूनही उतार नाही किंवा सुधारून परत बिघडलं, तेव्हाच जंतूंचा विचार. दिराची साखरही तपासली, कारण २०२१ मध्ये कोविडनंतर मधुमेहींच्या सायनसमध्ये काळी बुरशी कशी पसरली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मधुमेही माणसाच्या गालावर बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं किंवा नाकात काळी खपली असेल तर सकाळची वाट बघायची नसते. त्याची साखर बरोबर निघाली, आठवड्यात बरा झाला.

फेब्रुवारीत ॲमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करायचं ठरलं होतं. लाल टिकल्या सलग चार महिने चारच्या आत होत्या. ताईंनी कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली, मोजून दाखवली आणि म्हणाल्या, “आखाजी होऊ द्या, डॉक्टरसाहेब. यंदा ऐंशीच्या जागी साठच घरं घेतली.” मी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.